सातव्या पेशीचं खानदान

रमजानमध्ये दस्तरखानावर केळी मांडली की पाच मिनिटांत चिलटं हजर. अम्मी त्यांना पदराने हाकलते, मी त्यांचे लाल डोळे बघत बसतो. शास्त्रज्ञ त्यांना ड्रोसोफिला म्हणतात. बीएस्सीला असताना बाटलीत पाळली होती, तेव्हापासूनचा जिव्हाळा.

परवा इफ्तारनंतर भाचीच्या स्थळाचा विषय निघाला. मुलगा चांगला, नोकरी चांगली, बिरादरी मात्र वेगळी. चाचांनी निकाल दिला, "रक्तात असतं ते जातं कुठं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मान हलवली नाही, पण तोंडही उघडलं नाही. रात्री चिलटाचा डोळा आठवत राहिला.

त्या डोळ्यात सुमारे ७५० बारीक भिंगं असतात आणि प्रत्येकाखाली प्रकाश टिपणाऱ्या आठ पेशी. अळीच्या अंगात डोळा घडायला लागतो तेव्हा सगळ्या पेशी सारख्याच दिसतात. मग कोण काय होणार, हे कसं ठरतं? एका मूळ पेशीची लेकरं आपसांत कामं वाटून घेत असतील, असं वाटणं साहजिक आहे. १९७६ मध्ये अमेरिकेत कॅलटेकमधल्या डोनाल्ड रेडी, थॉमस हॅन्सन आणि सीमोर बेन्झर यांनी तो अंदाज मोडीत काढला. रंगाच्या खुणेने त्यांनी पेशींचे वंश ओळखले. एकाच भिंगाखाली दोन वंशांच्या पेशी शेजारी नांदताना दिसल्या. कोणत्या जागी कोणत्या वंशाची पेशी, याला नियमच नव्हता.

(त्याच काळात बेन्झरबरोबर याच माश्यांवर संशोधन करणारे ओबैद सिद्दीकी अलीगढला शिकलेले. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये १९६२ साली रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग त्यांनीच उभा केला. आमच्या घरात हे नाव कुणी ऐकलेलं नाही. क्रिकेटपटूंची सगळी पाठ आहेत.)

सगळ्यांत मजेदार सातवी पेशी. ती अतिनील प्रकाश ओळखते. काही माश्यांमध्ये ती नसतेच, म्हणून त्यातल्या बिघडलेल्या जनुकाला नाव पडलं 'सेव्हनलेस'. ती पेशी मरत नाही, भिंग बनवणारी पेशी होऊन जाते. हे जनुक म्हणजे जणू पेशीचा कान. मग बोलतं कोण? शेजारची आठवी, जिचं सगळ्यांआधी ठरलेलं असतं. तिच्या अंगावरच्या प्रथिनाच्या जनुकाला १९८८ मध्ये नाव मिळालं 'ब्राइड ऑफ सेव्हनलेस', म्हणजे सेव्हनलेसची नवरी! स्थळं जुळवायची हौस तिथेही आहे. अंगाला अंग लागल्याशिवाय हा निरोप पोचत नाही. भिंगाच्या होऊ घातलेल्या पेशींनाही तो कान असतो, फक्त आठवीचा स्पर्श नसतो. हे नवरीचं प्रथिन प्रयोगात सगळीकडे तयार करवलं, तेव्हा त्यांतल्याही काही सातव्या झाल्या.

हे चाचांना सांगायचं मनात आलं, पण ते अर्धंच खरं झालं असतं. कान आईबापांकडूनच येतो. आणि तिसऱ्या-चौथ्या पेशीला कानही असतो, आठवीचा स्पर्शही असतो, तरी त्या सातव्या होत नाहीत. त्यांचं आधीच ठरून गेलेलं असतं. चाचा सत्तरीचे आहेत.

काल इफ्तारला एवढंच विचारलं, "चाचा, मुलाला एकदा घरी बोलवायचं का? तुम्ही बोलून तर बघा."

ते केळं सोलत राहिले. "ईद होऊ दे," म्हणाले.