पाहुण्यासाठी वरणभात

घरी पाहुणा जेवायला येणार म्हटलं की माझ्या वर्गातल्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : पनीरचं काय करू? पाककलेचे वर्ग घेताना हा प्रश्न इतक्यांदा कानावर आलाय, की उत्तरही तयार असतं. पनीर राहू दे, वरणभात कर. समोरचा चेहरा पडतो. वरणभात लहान मुलांना भरवायचा, आजाऱ्याला द्यायचा; पाहुण्याला कसा वाढायचा? माझं ठाम मत आहे, की नीट जमलेल्या वरणभाताइतकं पाहुण्याला खूश करणारं दुसरं सोपं जेवण आपल्या स्वयंपाकात नाही. दिवाळीत तर नाहीच. चार दिवस घरोघरी चकल्या, शेव, करंज्या खाऊन भाऊबिजेला आलेल्या माणसापुढे पुन्हा तळण आणि सायीची ग्रेव्ही कशाला ठेवायची?

बेत ठरवताना मी एकच बघते : कोणता पदार्थ थांबतो आणि कोणता थांबत नाही. सार थांबतं. उकडलेले बटाटे थांबतात, घोटलेली डाळ थांबते. कोशिंबीर थांबत नाही, पोळी थांबत नाही, तळलेला पापड तर मुळीच नाही. न थांबणारे तीन पदार्थ एकत्र आले, की यजमान ओट्यापाशी आणि पाहुणा बाहेर एकटा. म्हणून नवशिक्यांना मी पोळ्या सरळ गाळायला सांगते. कोकणात आणि गोव्यात भातावरच पोटभर जेवण होतं, तिथे कुणाला काही कमी पडल्यासारखं वाटत नाही.

तर बेत असा : वरणभात, बटाट्याची पिवळी भाजी, खमंग काकडी आणि आमसुलाचं सार. बेत पक्का करण्याआधी पाहुण्याला एक फोन मात्र करायचा. जैन पाहुण्याला बटाटा चालणार नाही, कुणाला दाण्याचं वावडं असतं. गव्हाचं पथ्य असेल तर हिंगाच्या डबीवरचा मजकूर वाचा. बाजारातल्या बहुतेक हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.

चौघांसाठी एक वाटी तूरडाळ धुऊन अर्धा तास भिजवायची. हळद, हिंग आणि चमचाभर तेल घालून कुकरमध्ये मऊ शिजवायची. डाळ बोटचेपी राहिली तर वरण फसलंच. नव्या उपनगरांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांची ही नेहमीची तक्रार : कितीही शिट्ट्या द्या, डाळ शिजत नाही. दोष बहुतेक वेळा बोअरच्या पाण्याचा असतो. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरून बसतं आणि डाळ फुटत नाही. सोडा घातला की ती फुटते, पण चव साबणासारखी होते. त्यापेक्षा पिण्याचं गाळलेलं पाणी डाळ भिजवायला आणि शिजवायला वापरा. चिंच, आमसूल, टोमॅटोही डाळ शिजल्यावरच घालायचं, कारण आंबटात ती मऊ होत नाही. साध्या वरणात आंबट नसतंच, पण ही सवय आमटीच्या वेळी उपयोगी पडते.

शिजलेली डाळ गरम असतानाच रवीने घोटा. गार झाल्यावर घोटली तर गुठळ्या राहतात. मग मीठ, सुपारीएवढा गूळ आणि उकळतं पाणी घालून एक उकळी. वरण पळीवाढं हवं. भातावर घातल्यावर ते मुदीवरून हळूहळू उतरावं, ताटभर पळू नये. फोडणी अजिबात नको. तूप आणि लिंबू यांची चव त्यावर मोकळी लागली पाहिजे.

तांदूळ अंबेमोहोर. मुळशीच्या अंबेमोहोराला भौगोलिक मानांकन आहे. बासमतीला ज्याने सुवास येतो ते २-असिटिल-१-पायरोलिन हे द्रव्य यातही असतं. साठवणीत ते उडत जातं, त्यामुळे जुना तांदूळ मोकळा होतो पण वास उतरलेला असतो. नवा घमघमतो पण आसट होतो. वरणासाठी मला आसट चालतो, वास गेलेला चालत नाही. नव्या तांदळाला पाणी थोडं कमी घालायचं आणि गॅस बंद केल्यावर झाकण लगेच काढायचं नाही. दहा मिनिटं वाफ मुरली की शितं ताठ होतात.

सगळं कसब लागतं ते फोडणीत, आणि या बेतात ती तीनदा आहे. बटाट्याच्या भाजीपासून सुरुवात करू. बटाटे सकाळीच सालासकट उकडून गार करायचे. गार झाल्यावर त्यांचा पिठूळपणा कमी होतो आणि फोडी अखंड राहतात. कढईत तेल तापलं, की मोहरीचे चारच दाणे टाकून बघा. ते लगेच तडतडले तर बाकीची मोहरी घाला. दाण्यातल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो. तेल कोमट असेल तर तो नुसता तळून कडवट होतो. तडतड ओसरायला आली की जिरं, त्याचा रंग पालटला की हिंग, मग मिरची आणि कढीपत्ता. कढीपत्ता कोरडा पुसलेला हवा. हळद शेवटी, आच कमी करून. हळद तेलात रंग सोडते, पण दोन क्षण जास्त झाले तर काळपट होते आणि भाजीला जळका वास राहतो. यापुढे काही अवघड नाही : बटाटे, मीठ, चिमूटभर साखर, एक वाफ, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर.

दुसरी फोडणी साराची. आमसुलं गरम पाण्यात भिजवून कुस्करायची, गूळ-मीठ घालायचं, वर तूप-जिऱ्याची फोडणी. स्टीलचं भांडं घ्या. आमसुलाचा आंबटपणा ॲल्युमिनियमला लागतो. हे दुपारी करून ठेवलं तर रात्री जास्त छान लागतं.

तिसरी काकडीची, आणि इथे घड्याळाकडे लक्ष हवं. काकडी कोचवून ठेवावी, पण मीठ लावू नये. मीठ लागताच तिला पाणी सुटतं, आणि त्यात दाण्याचं कूट पडलं की लगदा होतो. पाहुणे हात धुवायला उठले की मीठ, साखर, लिंबू, कूट आणि वरून तूप-जिरं-मिरचीची चुरचुरीत फोडणी. पहिल्या घासाला काकडी कुरकुरीत लागली की जेवणारा मान वर करून बघतोच.

कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याची मापं घरोघर पोचली. मीही मापानेच शिकवते. अंदाज मागून येतो. मापाने दहा वेळा केल्याशिवाय अंदाज कुठून येणार?

वाढणंही स्वयंपाकाचाच भाग आहे. ताटात वर मीठ, त्याच्या डाव्या हाताला लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि साराची वाटी. वाटी आतून ओली करून तिने मूद पाडली तर भात चिकटत नाही. तूप घरचं कढवलेलं असेल तर उत्तमच, पण ते पातळ करून, चमच्याने, पाहुण्याच्या डोळ्यांदेखत वाढा.

भाताचं माप घेताना नेहमीपेक्षा एक वाटी तांदूळ जास्त घ्या. या बेतात दुसऱ्यांदा भात मागितला जातो, आणि बरेचदा सार ओतून तिसऱ्यांदाही. वरण मंद आचेवर ठेवून शेजारी उकळतं पाणी तयार असू द्या. ते दाटत जातं, आणि दाटलेल्या वरणात गार पाणी ओतलं की चव बसते.