मागची सीट

विंचूरला दोन गोष्टींचे भाव कुणालाही विचारा, उत्तर हमखास मिळते. एक कांद्याचा आणि दुसरा जुन्या मोटरसायकलचा. फरक एवढाच की कांद्याचा भाव सांगताना माणसाचा चेहरा बहुधा पडलेला असतो आणि मोटरसायकलचा सांगताना खुललेला. शिवाय कांदा दाबून पारखता येतो, मोटरसायकल येत नाही. तरीही तीनपाटीवर एखादी गाडी विकायला उभी केली की येणारा-जाणारा तिची सीट दाबून जातोच.

आमचा रोजचा रस्ता ठरलेला. विंचूरहून निघायचे, नैताळ्याला सौभाग्यवतींना त्यांच्या शाळेपाशी उतरवायचे आणि पुढे निफाडला माझी कचेरी गाठायची. संध्याकाळी हेच उलटे. मधल्या वारी लासलगावची एखादी खेप, महिन्यातून एकदा नाशिक. तेव्हा रोज गिरणीतून दळण आणील आणि महिन्यातून एकदा नाशिकला नेताना पाठीचे दळण करणार नाही, अशी एक गाडी हवी होती. नवी घेण्याइतका पगार नाही आणि सायकल घेण्याइतके वय उरलेले नाही, म्हणजे जुनीच आली.

“दाजी, तुम्हाला स्पोर्ट्स टूरर पाहिजे,” मेहुणा म्हणाला.

“म्हणजे काय रे?”

“पळायला स्पोर्ट्स, बसायला टूरर.”

लग्नाच्या बाजारात ‘गृहकृत्यदक्ष आणि आधुनिक’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. पण चौकशी केली तेव्हा कळले की कल्पना खुळी नाही. तिकडे युरोपात लोक एका दिवसात चार-पाचशे किलोमीटर मारतात. तिथे इंजिन थकण्याआधी माणूस थकतो, कारण वारा सारखा छातीवर बसून असतो. म्हणून १९७६ साली बीएमडब्ल्यूने ‘आर १०० आरएस’ नावाची गाडी काढली, तेव्हा तिचे पुढचे कवच वाऱ्याच्या बोगद्यात तपासून मग बसवले. वारा कवचावरून जातो, माणूस मागे निवांत. आमच्या रस्त्यावर वाऱ्याचा तेवढा जाच नाही. मात्र कांद्याच्या हंगामात ट्रॅक्टरच्या मागे राहिले की ट्रॉलीतला पाचोळा आणि टरफले थेट तोंडावर येतात. नाशिक जिल्ह्यात कवचाचा मुख्य उपयोग तोच.

आपल्याकडे ही जात उशिरा आली. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली आणि तिने साऱ्या महाराष्ट्राला एकच प्रश्न शिकवला. तो म्हणजे ‘किती देते?’ हा प्रश्न पूर्वी फक्त म्हशीबद्दल विचारत. पुढे २००१ साली बजाजची पल्सर आली आणि ‘किती पळते?’ असेही लोक उघडपणे विचारू लागले. २००३ साली २२३ सीसीची करिझ्मा, २००९ साली पल्सर २२० एफ आणि यामाहाची फेझर, २०११ साली होंडाची सीबीआर २५० आर, अशी ही मंडळी एकामागून एक आली. तेव्हा ज्यांनी घेतल्या ती पोरे आता बापे झाली. त्यांना चारचाकी हवी, म्हणून या गाड्या बाजारात. एकाच्या घरी पाळणा हलतो तेव्हा दुसऱ्याच्या घरी मोटरसायकल येते.

आमच्या भागाला पारखीची परंपरा आहे. शेजारी येवल्याला दसऱ्याच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो. तिथे जाणकार आधी घोड्याचे दात पाहतो, मग अंगावरचे भोवरे, मग चाल. किंमत सगळ्यात शेवटी, तीही रुमालाखाली बोटे दाबून. खुद्द विंचूरचे विठ्ठल शिवदेव विंचूरकर हे पेशव्यांचे सरदार. १७६१ साली घोडदळ घेऊन पानिपतावर लढले आणि जिवंत परत आले. त्यावर इतिहासकारांना काय लिहायचे ते लिहू दे. रोज जाऊन-येऊन नोकरी करणाऱ्या माणसाला त्यातून एवढेच घेण्यासारखे की नेणारी वाहने पुष्कळ असतात, परत आणणारे घ्यावे.

या हिशेबाने मी गावातल्या एका मेकॅनिकला बरोबर घेतले. बोलणे कमी, पाना जास्त, असा माणूस. पहिल्या गाडीपाशी गेल्यावर त्याने किल्ली लावली नाही. इंजिनाला नुसता हात लावला आणि म्हणाला, “नाना, चला.”

“अरे, चालू तर करून बघ!”

“गरम आहे. आपण यायच्या आधीच चालू करून ठेवलीय. गार इंजिन खरं बोलतं, गरम इंजिन मालकासारखं बोलतं.”

त्या आठवड्यात मी जे शिकलो ते शाळेत शिकवले असते तर गणितात तरी लक्ष लागले असते. सायलेन्सरमधून निळा धूर आला तर ऑइल जळते आहे, काळा आला तर पेट्रोल जादा जाते आहे. पुढच्या शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला तर सील गेले. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवावे. मधोमध कुठे अडल्यासारखे झाले तर कोनसेट गेला. चेनच्या चक्राचे दात सरळ असावेत, वाघनखासारखे वाकलेले नसावेत. हँडलची टोके आणि पायटे खरवडलेले असतील तर गाडी लोळलेली आहे, मालक काहीही म्हणो. टायरवर चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. टायरवर जन्मतारीख छापलेली असते, हे कळल्यापासून मी लोकांशी बोलताना आधी त्यांच्या टायरकडे पाहतो.

सगळ्यात गमतीची गोष्ट किलोमीटरच्या आकड्याची. ‘फक्त बावीस हजार!’ असे मालक सांगत असतो आणि ब्रेकच्या पायट्यावरचे रबर झिजून गुळगुळीत झालेले असते. आकडा मागे फिरवता येतो, रबर मागे फिरत नाही. मग कागद. आरसी बुकावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवायचा, कर्जाचा बोजा उतरला का बघायचे, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्यायच्या, आणि गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर एनओसी. शिवाय नोंदणीची पंधरा वर्षे कधी भरतात तेही. ‘पोरगी विशीतली वाटते’ असे म्हणून चालत नाही, दाखला मागावा लागतो.

एवढ्या चाळणीतून दोन गाड्या उरल्या, एक पल्सर २२० आणि एक करिझ्मा. दोन्ही नाशिक पासिंगच्या, दोन्ही दीडशे किलोच्या आसपास, म्हणजे कांद्याच्या तीन गोण्या. मेहुण्याचे मत पल्सरला. “दाजी, पिकअप बघा! आणि पार्ट कुठंही मिळतो.” पार्टचे त्याचे म्हणणे मेकॅनिकनेही उचलून धरले. मी बसून पाहिले. बसलो म्हणजे पुढे ओणवलो. विशीत ही बैठक शोभते, पन्नाशीत मात्र काही हरवलेले शोधतो आहोत असे दिसते.

तेवढ्यात सौभाग्यवती आल्या. गाडीला एक प्रदक्षिणा घालून त्यांनी, आठवडाभरात एकाही पुरुषाच्या तोंडून न निघालेला प्रश्न विचारला.

“अहो, मी कुठे बसायचं?”

खरोखरच, मागची सीट वेगळी, उंच आणि वीतभर. तिच्यावर चढायला साडी नेसलेल्या आणि गुडघा दुखणाऱ्या बाईने काय करावे, याचा विचार त्या गाडीच्या पहिल्या मालकाने केलेला नव्हता. त्याने साडी गार्डही काढून टाकला होता. ‘लुक जातो’ म्हणून! वास्तविक १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम याच माणसासाठी आहे. मागच्याला धरायला कडी हवी, पाय ठेवायला पायटा हवा, आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकलेला हवा, म्हणजे पदर किंवा ओढणी चाकात जाणार नाही. सरकारला मागच्या सीटची आठवण राहते आणि आपल्याला राहत नाही, असे सहसा होत नाही. इथे झाले होते.

करिझ्माची सीट सलग, रुंद, मागे धरायला दणकट कडी. साडी गार्ड तिलाही नव्हता, पण मेकॅनिक म्हणाला, “बसवून देतो, ताई.” मग खरी परीक्षा. संध्याकाळी साडेपाचला, आमच्या रोजच्या वेळेला, दोघेही हेल्मेट घालून, तिच्या वह्यांच्या पिशवीसकट, नैताळ्यापर्यंत जाऊन परत. मालक कुरकुरला. तो म्हणाला, ट्रायल म्हणजे गल्लीत एक चक्कर. मी म्हटले, “गल्लीत आमची नोकरी नाही.” परत आल्यावर मी काही बोललो नाही. गुडघ्याला हात न लावता बाईसाहेब उतरल्या, तिथेच सौदा झाला. पार्टची अडचण मेकॅनिकने आपल्या अंगावर घेतली. मेहुणा आठ दिवस रुसला.

गाडीत दोन गुण-दोष आहेत, तेही सांगतो. तिचे कवच सांगाड्याला बसवलेले, त्यामुळे हँडल वळते पण दिवा वळत नाही. रात्री मळ्याच्या वाटेला वळलो की आम्ही वाटेवर आणि उजेड हायवेवर. “अगदी तुमच्यासारखी आहे,” असे मागून ऐकू आले. वह्या तपासून दमलेल्या बाईशी अशा वेळी वाद घालू नये.

दुसरे म्हणजे हिला एबीएस नाही. सव्वाशे सीसीवरच्या नव्या गाड्यांना तो १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचा झाला, ही त्याआधीची. आणि आमचा हायवे दिवेलागणीला कठीण होतो. कांद्याचा हंगाम, उपबाजारातून परतणाऱ्या रिकाम्या ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही की चकाकणारी पट्टी नाही. काळोखात काळोखच रस्त्यावर उभा असल्यासारखी ट्रॉली एकदम पुढ्यात येते. खाली चिरडलेल्या कांद्याचा निसरडा थर. तिथे पिकअप, पळणे, २२३ सीसी यातले काही कामाला येत नाही. माझ्या आधी मागच्या सीटला ती ट्रॉली दिसते. कशी, ते बायकाच जाणोत. खांद्यावर एक थाप पडते, फार जोरात नाही, आणि कानाशी एक शब्द येतो, “हळू.”

गाडी चाळिशीत येते, ट्रॉली बाजूने निघून जाते, आणि भरवस फाट्याकडचे दिवे दिसू लागले की आमची संध्याकाळच्या भाजीची चर्चा पुढे सुरू होते.