पाच खाचांचा डबा

परदेश पाहून आलेला माणूस ओळखण्याची एक सोपी खूण आहे. पहिला महिना तो तिथल्या स्वच्छतेबद्दल, शिस्तीबद्दल आणि मिनिटावर येणाऱ्या गाड्यांबद्दल बोलतो. दुसऱ्या महिन्यापासून तो फक्त खाण्याबद्दल बोलू लागतो. मी जपानात होते दहाच दिवस. त्यामुळे माझा पहिला महिना आठवड्याभरातच आटोपला.

२०२३ च्या सप्टेंबरात विद्यार्थ्यांच्या एका गटातून मला जपानला जाण्याची संधी मिळाली. कामठीच्या मुलीला जपान तसे अगदीच परके नाही. छावणी, कन्हान नदी आणि बिड्या ही आपल्या गावाची जुनी ओळख. १९९९ साली तिच्यात ड्रॅगन पॅलेसची भर पडली. जपानच्या नोरिको ओगावा यांचे दान आणि सुलेखा कुंभारे यांचा पुढाकार यांतून ते विहार उभे राहिले, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. माझी आजी दर पौर्णिमेला तिथे जाते. चंदनाच्या त्या मूर्तीपुढे बसते, आणि परत येताना गुडघ्यांना शिव्या देत येते. माझे जाणे ठरले तेव्हा तिने काही फार विचारले नाही. "त्या बाईच्या देशाले चालली तू. रिकाम्या हातानं जाऊ नको," एवढेच म्हणाली.

आजीने चाळीस वर्षे बिड्या वळल्या. हजार बिड्यांवर मजुरी, पंचवीस बिड्यांचा एक कट्टा, आणि कट्ट्यात एक कमी भरली तर कारखान्यात ऐकून घ्यायचे. या मोजणीतून तिने जे काही मागे टाकले होते, त्यातून माझे बूट आणि स्वेटर आला. शिवाय मी ज्या घरी उतरणार होते त्यांच्यासाठी नागपूरहून अर्धा किलो संत्रा बर्फी मागवली गेली. हे सगळे एवढ्यासाठी सांगते की पुढे मी जे केले त्याचे वजन वाचकांच्या लक्षात यावे.

टोकियोचे चार दिवस मी इथे गाळते. उंच इमारतींची वर्णने आपल्या वार्षिकांकात दरवर्षी कोणीतरी करतेच, आणि मुंबई पाहून आलेलेही ती करतात. खरा जपान मला दिसला तो ओकायामाजवळच्या एका घरी, दोन रात्रींत. नागपूरला कर्मभूमी केलेले भन्ते सुरई ससाई मूळचे याच ओकायामा प्रांतातले. घरात एक म्हातारी, तिचा मुलगा आणि सून. दिवस हिगानचे होते. दिवस-रात्र समान होतात त्या सुमारास जपानी लोक आठवडाभर आपल्या गेलेल्या माणसांची आठवण करतात. त्यासाठी घरात ओहागी केले होते. चिकट भाताचा लहानसा गोळा आणि त्याच्याभोवती लाल कडधान्याच्या गोड पुरणाचा जाड थर. म्हातारीने पहिले दोन नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवले, आणि मग एक माझ्या हातावर.

पुरण! आपल्याकडे ते पोळीच्या पोटात असते, इथे भाताच्या पाठीवर होते, इतकाच फरक. दुसऱ्या दिवशी दाइफुकू खाल्ले. चिकट तांदूळ कुटून केलेली मऊ पारी आणि आत तेच पुरण, म्हणजे आपल्या मोदकाचा दूरचा भाऊ. जपानी भाषेत या पुरणाला 'आन' म्हणतात. मी दोन दिवसांत किती 'आन' खाल्ले ते सांगत नाही. या निबंधात मोजदाद करणारे माणूस दुसरे आहे.

निघताना म्हातारीने विचारले, घरी कोण कोण आहे? मी आजीचे सांगितले, दात नाहीत हेही सांगितले. तेव्हा तिने दाइफुकू देण्याचा बेत बदलला. चिकट मोची म्हाताऱ्यांच्या घशात अडकते, दर नव्या वर्षाला जपानात अशा दुर्घटना होतात आणि सरकारला सूचना काढाव्या लागतात. तिने मला एक कागदी डबा दिला. आत पाच खाचा, आणि प्रत्येक खाचेत यौकानची एकेक वडी. चार नाही, कारण जपानीत 'चार' आणि 'मृत्यू' यांचा उच्चार एकच होतो. यौकान म्हणजे तेच पुरण साखर आणि चायना ग्रास घालून आटवलेले. गुळगुळीत, चकचकीत, जिभेने दाबले तरी विरघळणारे. हे नाव ज्या चिनी अक्षरांनी लिहितात त्यांचा अर्थ मात्र मेंढीचा दाट रस्सा असा होतो! मूळ पदार्थ चीनमधला, मांसाचाच. मांस न खाणाऱ्या भिक्षूंनी त्यात कडधान्य आणले आणि नाव तसेच ठेवले. सावजी रश्श्याच्या मुलखातल्या मुलीला ही गोष्ट आवडली नसती तरच नवल.

आता तो प्रसंग. दिल्लीहून नागपूरची गाडी. रात्र, गाडी उशिरा, आणि झाशी गेल्यावर पोटात कावळे. बरोबरच्या दोघी म्हणाल्या, चव तर पाहू. दोघींना एकेक वडी दिली, एक मी खाल्ली. दिवे मालवल्यावर, दोघी झोपल्या आहेत याची खात्री करून, मी आणखी एक खाल्ली. इटारसी येईपर्यंत डब्यात एकच उरली होती.

घरी आजीने ती वडी दोन दिवस पुरवली. नखाएवढा तुकडा तोंडात धरायची आणि डोळे मिटायची. संपल्यावर म्हणाली, "एकच देल्ली का त्या बाईनं?"

"हो," मी म्हणाले.

"अर्धा किलो बर्फी गेली अन् एक वडी आली. हिशोबी लोक दिसतात."

त्या वेळी खरे सांगणे किती सोपे होते! पण 'हो' हा शब्द तोंडातून गेला होता. शेजारणीसमोर आजी जपानी लोकांच्या हिशोबीपणाचे उदाहरण देऊ लागली, तेव्हा मला ओकायामाची ती म्हातारी दिसे. फाटकापर्यंत येऊन, गाडी वळेपर्यंत वाकून उभी राहिलेली. मग मी ठरवले की यौकान मिळवायचे आणि 'तिने पुन्हा पाठवले' असे सांगून आजीपुढे ठेवायचे. एक खोटे झाकायला दुसरे. आणि हेही कबूल करते की शोध आजीच्या नावाने चालला असला तरी जीभ माझीही वळवळत होती.

पहिली फेरी सीताबर्डी आणि सदर. यौकान हा शब्द कोणाला कळेना, म्हणून एका मोठ्या दुकानात विचारले, "मोची आहे का?" काउंटरवरच्या मुलाने माझ्या पायांकडे पाहिले आणि बाहेर कोपऱ्यावर बसतो म्हणून सांगितले. मोबाईलवर शोधले तर वड्या मिळत होत्या, पण किंमत पाहून मी मोबाईल उलटा ठेवला.

इतिहासाच्या सरांना हे कळले तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी मला रासबिहारी बोस यांची हकिकत सांगितली. १९१५ साली इंग्रजांच्या हातून निसटून ते जपानला गेले. टोकियोत शिंजुकूच्या नाकामुराया या पाव-मिठाईच्या दुकानाच्या मालकांनी, सोमा दांपत्याने, त्यांना लपवून ठेवले. १९१८ मध्ये त्यांच्या मुलीशी बोसांचे लग्न झाले. ती तरुणपणीच वारली, आणि १९२७ मध्ये त्याच दुकानात बोसांच्या पद्धतीची कोंबडीची कढी विकायला सुरुवात झाली. जपानात जी कढी मिळत होती ती इंग्रजांच्या मार्गाने आलेली, बोसांना ती पटत नव्हती. "देश मिळेना, तेव्हा त्यांनी निदान चव तरी नेली," सर म्हणाले. "तूही विकत कशाला शोधतेस? कर."

करायचे तर आधी कडधान्य हवे. जपानी पुरण आझुकीचे असते. मी इतवारीत किराण्याच्या ओळीने चार दुकाने पालथी घातली. कोणी राजमा दाखवला, कोणी मसूर. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने मोबाईलवरचे चित्र चष्म्याजवळ धरून पाहिले आणि लाल चवळीत हात घालून मूठभर माझ्यापुढे ओतली. तोच रंग आणि डोळ्यापाशी तीच पांढरी खूण. वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या मैत्रिणीने नंतर खुलासा केला की आझुकी, चवळी, मूग, उडीद आणि मटकी ही सगळी एकाच कुळातली भावंडे आहेत, राजमा मात्र अमेरिकेकडचा पाहुणा. आणखी एक गंमत कळली. जपानातही टोकियोकडे शुभप्रसंगीच्या लाल भातात आझुकीऐवजी चवळी घालतात. आझुकीचे साल शिजताना फाटते, आणि त्यात सामुरायांना पोट चिरून घेण्याचा भास होई म्हणे. तेव्हा माझी चवळी अगदीच बनावट नव्हती.

मध्येच मोचीचा मोहही झाला. आमच्या वर्गात छावणीतली एक आसामी मुलगी आहे, तिचे वडील गार्ड्स रेजिमेंटच्या सेंटरमध्ये आहेत. त्या रेजिमेंटमध्ये देशभरचे जवान असल्यामुळे कामठीच्या छावणीत कोणत्या घरात कोणता डबा उघडेल सांगता येत नाही. तिच्या आईकडे बोरा चाउल निघाला. बिहूच्या पिठ्याचा तो चिकट तांदूळ, म्हणजे जपानी मोचीच्या जातीचाच. तिने मला तिळाचे पिठे खाऊ घातले आणि दोन वाट्या तांदूळ बांधून दिला. घरी आल्यावर ओकायामाच्या म्हातारीची सूचना आठवली. तांदूळ डब्यात गेला, आणि मी मुकाट्याने यौकानकडे वळले.

पहिल्या खेपेला मी सवयीने गूळ घातला. थंड झाल्यावर जे निघाले ते गोठलेले पुरण होते, त्याला जायफळ तेवढे कमी होते. दुसऱ्या खेपेला साखर घातली, पण चवळीचा उग्र वास जाईना. तेव्हा आठवले की ओकायामाच्या स्वयंपाकघरात पहिल्या उकळीचे पाणी ओतून दिले होते आणि नव्या पाण्यात दाणे शिजवले होते. तुरटपणा त्या पाण्याबरोबर जातो. तिसऱ्या खेपेला तसे केले. दाणे बोटात विरघळेपर्यंत शिजवले, आणि साल वेगळे काढायला आईचे पुरणयंत्र घेतले. जपानात केसांच्या चाळणीतून जे काम करत, ते आमच्या यंत्राने दहा मिनिटांत केले. चायना ग्रास भिजवून उकळले, साखर आणि पुरण घालून हात भरून येईपर्यंत ढवळले आणि ताटात ओतले. रंग थोडा फिका, पण चकाकी तीच.

"काय शिजवून राहिली तीन दिवसांपासून?" आजी दारात उभी होती.

'तिने पाठवले' असे म्हणण्याची सोय पुरणयंत्रानेच घालवली होती, ते समोर पडले होते. मी सगळे सांगितले. गाडी, झाशी, दोघी मैत्रिणी. दुसरी वडी अंधारात खाल्ल्याचेही.

आजी काही बोलली नाही. आत गेली आणि तोच कागदी डबा घेऊन आली. तिने तो फेकला नव्हता. खाचांत तिच्या गोळ्या होत्या, सकाळची, दुपारची, बीपीची, गुडघ्यांची. पाचवीत सुई आणि दोरा.

"पाच खाचा," ती म्हणाली. "आल्या दिवशीच मोजल्या व्हत्या मी. चाळीस वरसं मोजण्यात गेली माहीं. मले काय येडी समजते?"

"मग मला तेव्हाच का नाही बोललीस? आणि शेजारच्या काकूंना ते हिशोबी लोक म्हणून कशाला सांगत होतीस?"

"तुले ऐकू जावं म्हणून."

तिने गोळ्या काढून पदरात घेतल्या. दोऱ्याचे दोन वेढे बोटांना दिले, बिडीला देतात तसेच, आणि ताटातल्या यौकानमधून तो ताणून ओढला. सुरीने मी दोन वड्या मोडल्या होत्या, तिच्या दोऱ्याने एकही कडा तुटली नाही. पाच वड्या तिने पाच खाचांत बसवल्या. एक उचलून जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. मी वाट पाहत राहिले.

"ते नाही हे," ती म्हणाली. "साखर जास्त झाली."

आणखी थोड्या वेळाने: "त्या बाईले पत्र लिही. डबा पोचला म्हणा, अन् पोरीनं रस्त्यात खाल्ला म्हणा. माह्या नावानं लिही."

मग तिने डब्यावर झाकण लावले.

"बाकी चार उद्यासाठी. मोजून ठेवल्या हायेत."