कंट्रोलर जोडला आणि विचारात पडले



चातुर्मासातला आमचा लोणावळ्याचा पाऊस! पंधरा ऑगस्टला जोडून सुट्ट्या आल्या म्हणून नातू आला आणि घरातच अडकला. त्याने प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर आणला होता. "आजी, कॉम्प्युटरला जोडून दे ना."

चष्मा लावून बसले. ब्लूटूथ सुरू केलं. कंट्रोलरवरची पीएस आणि शेअर ही बटणं एकदम दाबून धरली. दिवा भराभर लुकलुकला, पडद्यावर ‘वायरलेस कंट्रोलर’ नाव आलं, जोडला. तरी गेम दाद देईना! विंडोजवरचे बरेच गेम एक्सबॉक्सच्या कंट्रोलरचीच भाषा समजतात. मग स्टीमच्या सेटिंगमध्ये प्लेस्टेशनसाठी स्टीम इनपुट चालू केलं. ते दुभाष्याचं काम करतं.

"आधी तू खेळ," नातू म्हणाला. बटण दाबलं, गोळी सुटली, समोरचा पडला आणि कंट्रोलर हातात थरथरला. मी तो खाली ठेवला.

यशोधर राजाची कथा आठवली. बळी दिला तो पिठाच्या कोंबड्याचा, सुचवलं आईने. जन्मोजन्मीचं दुःख दोघांनी भोगलं. कृत, कारित, अनुमोदना आपण रोज म्हणतो. ‘मी तर नुसता जोडून दिला’ असं कसं म्हणू?

नातवाला रागावले नाही, कथा सांगितली. तो म्हणाला, "मग गाड्यांची शर्यत लावू?"

लावली. माझी गाडी सारखी कठड्याला धडकत होती. दोघंही पोट धरून हसलो.