आमची काळी इम्पाला

मी मूळचा इंदूरचा, आता टेक्सासात. माझ्याकडे १९९६ची शेव्हरोले इम्पाला एसएस आहे. ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, २६० हॉर्सपॉवर, लांबी जवळजवळ साडेपाच मीटर. इथल्याच आर्लिंग्टनच्या कारखान्यात बनलेली. त्याच वर्षी हे मॉडेल बंद झालं.

गाडी दणकट, पण एक दुखणं जन्माचं. स्पार्क देणारा डिस्ट्रिब्युटर वॉटर पंपाच्या बरोबर खाली. पंप गळला की पाणी थेट त्याच्यावर, आणि इंजिन आचके देतं. म्हणून दर रविवारी टॉर्च घेऊन पंपाखाली बघायचं. ओल दिसली की आधी पंप बदलायचा.

"अहो, गुडघे बघा तुमचे, विका आता," हिचं म्हणणं. खरंय, वाकवत नाही. दोन गिऱ्हाइकं येऊनही गेली.

मागच्या महिन्यात पंप पाझरला. लेक म्हणाली, "बाबा, मी बदलते, तुम्ही फक्त सांगा." मी स्टुलावर बसून सांगत गेलो. नवा पंप बसवून, कूलंट भरून, त्यातली हवा काढेपर्यंत अंधार पडला.

गाडी आता तिच्या नावावर करतोय. दुरुस्तीची सगळी वही मात्र मराठीत आहे. लेक मराठी बोलते छान, वाचता येत नाही. रोज एक पान शिकवायचं ठरलंय.