मॅडम, मग धावू कधी?

एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत आणि नंतरच्या इंटर्नशिपमध्ये हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आता चांदवड तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बाँडची नोकरी करते आहे आणि तो सारखा कानावर येतो. नडगी धरून लंगडत मुलगा येतो. मी तपासते, गोळ्या लिहून देते, आराम कर म्हणून सांगते. तो मान डोलावतो, केसपेपर घडी करून खिशात घालतो आणि दारातून वळून विचारतो, "मॅडम, मग धावू कधी?"

विचारणारे बहुतेक पोलीस भरतीचे असतात. रेणुकामातेच्या डोंगराकडे, महामार्गाच्या कडेने, कॉलेजच्या मैदानावर ही पोरं पहाटे अंधारात धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानीचे एकूण ५० गुण. पायात झिजलेल्या तळाचे बूट आणि खाली डांबर. शिकवणारा बहुधा मागच्या भरतीत थोडक्यात हुकलेला गावातलाच कुणी दादा. मी यांना खेळाडूच मानते. कारण शरीर पणाला लावून घड्याळाशी झुंजणं हे तेच आहे, फक्त यांच्यामागे ना संघ आहे ना डॉक्टर.

आणि खेळाडू या मातीला नवा नाही. तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ याच तालुक्यातला. विहिरी खोदायच्या कामावर जाणारा हा मुलगा २०१२ मध्ये लष्करात गेला, पुण्यात नौकानयन शिकला आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्सला तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेतलं त्याचं सुवर्णपदक इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. मला मात्र हल्ली त्याच्या आधीचा दिवस जास्त आठवतो. त्या दिवशी सिंगल स्कल्सच्या अंतिम शर्यतीत तो शेवटचा आला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी सवर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर तो पुन्हा बोटीत बसला आणि चौघांनी क्वाड्रपल स्कल्सचं सुवर्ण जिंकलं.

मधल्या रात्री असा खेळाडू समोर असेल, तर डॉक्टरने काय बघायचं? नाडी, ताप, श्वास, लघवीचा रंग, हे झालं. पण कोणत्या आकड्याला हो म्हणायचं आणि कोणत्याला नाही? आमच्याकडे अशक्तपणा म्हटलं की पहिली मागणी सलाईनची. जागतिक उत्तेजकविरोधी नियमांनुसार मात्र बारा तासांत १०० मिलिलिटरहून जास्त सलाईन खेळाडूला शिरेतून देता येत नाही. रुग्णालयातले रीतसर उपचार, शस्त्रक्रिया किंवा तपासणी असेल तरच सूट. प्रेडनिसोलोनची साधी गोळीसुद्धा स्पर्धेच्या काळात चालत नाही. हे वाचलं तेव्हा मी अक्षरशः थबकले. ज्या औषधांवर आमची ओपीडी चालते, त्यातलं एखादं औषध खेळाडूची कारकीर्द संपवू शकतं.

तेव्हापासून खेळाडूंचा डॉक्टर होण्याच्या वाटेची चौकशी करते आहे, आणि जितकं विचारते तितका गोंधळ वाढतो. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "म्हणजे फिजिओ का?" फिजिओथेरपीचा अभ्यासक्रम पूर्ण वेगळा. कॉलेजातले सर म्हणाले, ऑर्थो घे आणि मग दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया शिक. स्पोर्ट्स मेडिसिन असा तीन वर्षांचा स्वतंत्र एमडी आहे, हे माझ्या बॅचमधल्या कित्येकांना माहीतच नव्हतं. नीट-पीजी द्यायची, पण जागा अगदी मोजक्या. दिल्लीत सफदरजंग रुग्णालयाचं स्पोर्ट्स इंज्युरी सेंटर आहे. महाराष्ट्रात पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात हा एमडी होतो; तिथे पहिला हक्क लष्करी डॉक्टरांचा, आमच्यासारख्यांचा नंबर सगळ्यांत शेवटी. त्या पदवीवर शिक्का मात्र नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा. चांदवडहून तासा-दीड तासावर विद्यापीठ, आणि या विषयाचं नाव मला नोकरी लागल्यावर कळावं, याची हळहळ वाटते.

गोंधळात भर घातली माझ्या मामेबहिणीने. ती अमेरिकेत वाढली, तिथेच स्पोर्ट्स मेडिसिनची डॉक्टर झाली, पण तिच्या नावापुढे एमडी नाही, डीओ आहे, म्हणजे ऑस्टिओपॅथीची पदवी. ऑस्टिओपॅथी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर मान कडकन वळवणारे लोक आले. तिने शांतपणे समजावलं. अँड्र्यू टेलर स्टिल नावाच्या डॉक्टरची तीन मुलं १८६४ मध्ये मेंदूज्वराने गेली. त्या काळच्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला आणि हाडं, स्नायू, सांधे हाताने तपासून उपचार करण्याची पद्धत त्याने उभी केली. १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिलला त्याने कॉलेज काढलं. पुढे अमेरिकेतल्या या कॉलेजांनी आधुनिक वैद्यक पूर्ण स्वीकारलं. आज तिथला डीओ औषधं लिहितो, शस्त्रक्रिया करतो, सगळे अधिकार एमडीइतकेच. इंग्लंडमधल्या किंवा आपल्याकडच्या ऑस्टिओपॅथचं तसं नाही. तो वैद्यकीय पदवीधर असतोच असं नाही.

तिचा हिशेब असा: चार वर्षं साधं कॉलेज, चार वर्षं डीओ, तीन वर्षं फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी, वर आणखी एक वर्ष स्पोर्ट्स मेडिसिनची फेलोशिप, आणि मग वेगळी परीक्षा. डीओच्या चार वर्षांत बाकी सगळ्या वैद्यकाबरोबर सुमारे दोनशे तास हाताने तपासायचं आणि उपचार करायचं शिक्षण. फेलोशिपमध्ये संध्याकाळी शाळा-कॉलेजांच्या सामन्यांना मैदानाच्या कडेला उभं राहायचं. कवटीच्या हाडांची लय बोटांना जाणवते, असाही एक भाग त्यांच्याकडे शिकवतात. तो तिलाही पटत नाही आणि मलाही. पण तिची एक सूचना मी उचलली: आधी पेशंटला उभं कर, चालायला लाव, एका पायावर उडी मारायला सांग, आणि दुखऱ्या जागेला हात सगळ्यांत शेवटी लाव.

मध्यंतरी कांद्याची शेती असलेल्या घरातली एक मुलगी वडिलांबरोबर आली. तक्रार तीच, नडगीची. तिला मी व्हरांड्यात चालायला लावलं. डाव्या पायावर उडी मारायला सांगितली, तर तिने मारलीच नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग टेबलावर झोपवून नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा वरून खाली सरकवत नेला. धावणाऱ्यांची नेहमीची नडगी दुखते ती चांगली वीतभर, दाबलं की सगळीकडे सारखी. हिची तशी नव्हती. एका बोटाच्या पेराएवढी जागा, आणि तिथे अंगठा पडताच तिने पाय आखडून घेतला. हाडाला ताणाने तडा जातो तेव्हा असं होतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेत बहुतेक वेळा काहीच दिसत नाही, त्यामुळे असे पाय "काही नाही, धाव" म्हणून परत रस्त्यावर येतात.

वडिलांना बाहेर बसवलं आणि तिला पाळीबद्दल विचारलं. काही महिने आलीच नव्हती. "बरंच झालं मॅडम, सरावात खाडा नको," ती म्हणाली. वजन उतरलं की वेळ सुधारतो, असं कुणीतरी सांगितलेलं, म्हणून रात्रीचं जेवण सोडलेलं. सकाळी उपाशीपोटी धावायचं, संध्याकाळी पुन्हा. शरीराला खर्चाइतकं अन्न मिळालं नाही की ते आधी पाळी थांबवतं आणि मग हाडं विरळ व्हायला लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला नाव देऊन डॉक्टरांना सावध केलं. आमच्या अस्थिरोगाच्या तासाला नडगी होती, स्त्रीरोगाच्या तासाला पाळी होती. एकाच मुलीत ही दोन्ही एकत्र बघायला मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि नेमकं हेच मला शिकायचं आहे.

पाळी थांबण्याची बाकीची कारणं तपासायला रक्त-लघवी पाठवली, एमआरआयसाठी नाशिकची चिठ्ठी दिली. तडा होताच. मग मामेबहिणीला विचारून विचारून कागदावर वेळापत्रक केलं: सहा ते आठ आठवडे धावणं बंद, चालताना दुखायचं थांबलं की सायकल, मग एक मिनिट धाव आणि एक मिनिट चाल, दुखलं की एक पायरी मागे. रात्रीची भाकरी सुरू, दूध-अंडी सुरू. वडील म्हणाले, "मॅडम, भरती जवळ आली, एवढी होऊन जाऊ द्या." तडा वाढला तर हाड मोडेल आणि पुढची भरतीही जाईल, हे त्यांना एमआरआयचं चित्र समोर धरून समजावलं. बराच वेळ त्यांनी ते चित्र हातात ठेवलं. मग मुलीला विचारलं, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "पुढच्या वेळी देईन."

नीट-पीजीचा अभ्यास रात्री चालू आहे. माझ्या वडिलांना मी मेडिसिन घ्यावं असं वाटतं. त्यात पोटापाण्याची खात्री आहे, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. माझी पहिली पसंती एमडी स्पोर्ट्स मेडिसिन, जिथे मिळेल तिथे. ते नाही मिळालं तर पीएमआर, म्हणजे पुनर्वसनाचं वैद्यक. तिथूनही या वाटेला येता येतं. ऑर्थो मी यादीत खाली ठेवलं आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी ऑपरेशन लागेल असा क्वचितच असतो. बाकीच्यांना हवा आहे तो पायाबरोबर ताट, झोप, बूट आणि भरतीची तारीख विचारणारा डॉक्टर.