ठसा किती वेळाचा?

यवतमाळ जिल्ह्यातील वन्यजीवशिक्षणाचा विचार करताना आरंभीच लक्षात घ्यावे लागते की, येथे निसर्गशिबिर म्हणजे अनोळखी प्राण्यांची ओळख करून देण्याचा उपक्रम नव्हे. ज्या शेतकऱ्याची तूर रोही आणि रानडुकरे दरवर्षी फस्त करतात आणि जो हंगामभर जागलीला, म्हणजे पीक राखण्यासाठी रात्र जागून काढायला, शेतावर जातो, त्याला वन्यप्राणी कोणत्याही पर्यटकापेक्षा अधिक ठाऊक असतात. मात्र हे ज्ञान नुकसानीतून आणि भीतीतून आलेले असते. प्रस्तुत लेखकाने पांढरकवडा आणि राळेगाव या तालुक्यांतील गावांत शाळकरी मुले व मोहफुले वेचणाऱ्या स्त्रिया यांच्यासोबत काही हंगाम घालवले, आणि पुढील निरीक्षणे त्या सहवासातूनच आली आहेत.

याच परिसरात टिपेश्वर अभयारण्य आहे. १९९७ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे असून, त्यातील वन सागवानप्रधान शुष्क पानझडी प्रकारचे, म्हणजे उन्हाळ्यात पाने गाळून उघडे पडणारे आहे. वाघांची पिल्ले येथे वाढतात, परंतु वयात आलेल्या नराला स्वतंत्र क्षेत्र हवे असते आणि एवढ्या जागेत ते सर्वांना मिळत नाही. त्यामुळे तो बाहेर पडतो, आणि बाहेर पडला की लगेच कपाशीच्या शेतात असतो. भोवतालच्या वस्त्यांमध्ये कोलामांचे पोड बरेच आहेत. कोलाम ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित मानल्या गेलेल्या तीन आदिवासी जमातींपैकी एक असून, तिच्या स्वतंत्र वस्तीला ‘पोड’ म्हणतात.

येथे वाघाविषयी बोलू पाहणाऱ्या कोणालाही २०१८ हे वर्ष टाळता येत नाही. तेरा माणसांच्या मृत्यूस कारणीभूत ठरवण्यात आलेली ‘टी-१’ ही वाघीण त्या वर्षी २ नोव्हेंबरच्या रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटी परिसरात गोळी घालून मारण्यात आली. शहरांत तिच्यासाठी ‘अवनी’ या नावाने हळहळ व्यक्त झाली, तर गावांत सुटकेचा निःश्वास टाकला गेला. या दोन प्रतिक्रियांतील अंतर एवढे मोठे होते की, त्यानंतर कित्येक दिवस ‘वन्यजीव संवर्धन’ हा शब्द उच्चारताच समोरचा माणूस सावध होत असे. फलकावर वाघाचे चित्र लावून सुरू होणारा कार्यक्रम अशा ठिकाणी पहिल्या पाच मिनिटांतच फसतो, हे लेखकाने स्वतः तसा कार्यक्रम करूनच अनुभवले.

याउलट, टिपेश्वरच्याच दुसऱ्या एका वाघाची गोष्ट मुलांनी उचलून धरली. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासाचा भाग म्हणून फेब्रुवारी २०१९ मध्ये या तरुण नराच्या गळ्यात रेडिओ कॉलर, म्हणजे ठरावीक वेळाने त्याचे स्थान उपग्रहामार्फत कळवणारा पट्टा, बसवण्यात आला होता. पावसाळ्याच्या तोंडावर तो निघाला, तेलंगणाच्या सीमेलगतचा भाग आणि विदर्भ-मराठवाड्यातील जिल्हे ओलांडत सुमारे १,३०० किलोमीटर चालला आणि डिसेंबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. (त्याच्या आईचे संकेतनामही ‘टी-१’ असल्यामुळे तो मारल्या गेलेल्या वाघिणीचा मुलगा होता, असा समज अनेकांचा होतो, त्या दोन वेगळ्या वाघिणी होत.) नकाशावर ही वाट आखताना मुलांना प्रथम आश्चर्य वाटले ते अंतराचे नव्हे, तर ती रेषा नाले, पांदण आणि शेतांचे धुरे यांतूनच गेली याचे, कारण या जागा त्यांच्या पायाखालच्या होत्या. एवढ्या प्रवासात माणसाला इजा झाल्याची एकच घटना नोंदली गेली, आणि तीही वाघ विसावलेल्या झुडपात माणसांचा घोळका शिरल्यामुळे.

शिक्षण वर्गाबाहेर नेण्यास येथे शेतीचे वेळापत्रकही भाग पाडते. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह राज्यात साजरा होतो. परंतु नेमकी त्याच वेळी कापूस वेचणीची घाई असल्याने शाळेतील पट रिकामा पडतो, आणि मुले आईबापांसोबत शेतात असतात. तेव्हा धुऱ्यावरच बसून, विजेच्या तारेवरून किड्यांवर झेप घेणारे कोतवाल आणि नीलकंठ मोजणे, हाच त्या सप्ताहाचा खरा कार्यक्रम ठरतो.

प्रत्यक्ष संवर्धनाच्या कामांत सर्वाधिक उपयोगी आणि सर्वांत अवघड काम म्हणजे फास शोधणे. रानडुक्कर धरण्यासाठी लावलेला तारेचा फास कोणता प्राणी येतो ते पाहत नाही. एप्रिल २०२१ मध्ये मुकुटबन वनपरिक्षेत्रात एक गर्भवती वाघीण गळ्यात तारेचा फास आणि तोडलेले पंजे अशा अवस्थेत मृत आढळली होती. वनरक्षकाबरोबर नाल्याकाठाने फिरताना मोठी मुले हे फास चटकन ओळखत, आणि ते इतक्या चटकन कसे ओळखतात, हे त्यांना न विचारण्याचे तारतम्य मार्गदर्शकाने बाळगणे आवश्यक असते. पोत्यांत वाळू भरून वनराई बंधारा घालणे हे काम त्या मानाने सोपे आणि आनंदाचे. शिवाय अडलेल्या पाण्याकाठच्या ओल्या मातीवर दुसऱ्याच सकाळी वाचण्याजोगा मजकूर उमटलेला असतो.

पाऊलखुणांचा पाठ अशाच काठावर होत असे. वाघ-बिबट चालताना नख्या आत ओढून घेतात म्हणून त्यांच्या ठशात नखे दिसत नाहीत, तरस आणि कुत्रा यांच्या ठशात दिसतात. अस्वलाचे मागचे पाऊल माणसाच्या पावलासारखे उमटते. हे सारे सांगून प्लास्टरचा साचा घेतला की पाठ संपला, अशी लेखकाची समजूत होती. परंतु मोहफुले वेचणाऱ्या एका वयस्क बाईने साच्याकडे ढुंकूनही न पाहता विचारले, ‘‘हा कधीचा आहे, ते सांगता का?’’ त्या प्रश्नाचे उत्तर पाठात नव्हते. वास्तविक तिला लागणारे ज्ञान तेवढेच होते, कारण मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली वाकून फुले वेचणारा माणूस मागून येणाऱ्या प्राण्याला माणसासारखा दिसत नाही आणि त्यालाही प्राणी दिसत नाही.

त्यानंतर पाठाचा क्रम बदलला. ठशाच्या कडा धारदार आहेत की ढासळल्या, त्यावरून किड्याची रांग गेली आहे का, दवाचे थेंब ठशावर पडून बारीक खळगे झाले आहेत की दवाने भिजलेली माती पावलाखाली दबली आहे, या खुणांवरून वेळेचा अंदाज बांधणे प्रथम आले आणि प्राण्याचे नाव नंतर. यांतील निम्म्या खुणा मोहफुले वेचणाऱ्या बायांनीच दाखवल्या. पुढील हंगामात पोडावरच्या काही जणी उजाडल्यावर, पाच-सहाच्या गटाने आणि मोठ्याने बोलत वेचणीला जाऊ लागल्या. तोवर रात्री गळलेल्या फुलांपैकी बरीच चितळांनी आणि गुरांनी खाल्लेली असत, आणि टोपली पूर्वीपेक्षा हलकी भरे.